खुणेचे शब्द

बँकसाइड, लंडन
बुधवार, ३ फेब्रुवारी १६०२

प्रिय ताई,

हे पत्र ईल मासे विकणाऱ्या जोनच्या टोपलीतून येईल. तिला वाचता येत नाही, म्हणूनच तिला निवडलं. फाडून टाकायचं असेल तर टाक, पण त्याआधी एवढं वाच: श्रोव्ह मंगळवारी, येत्या सोळा तारखेला, तू आणि पेरो घरात राहू नका. बाळाला घेऊन इथून लांब कुठेही जा. डेप्टफर्डला पेरोचे ओळखीचे खलाशी आहेत ना, त्यांच्याकडे जा.

कारण सांगते. बाबांचे डोळे गेल्या हिवाळ्यात गेले. उजेड आहे की नाही एवढंच कळतं. नाटकमंडळींच्या नकला उतरवण्याचं काम आता मी करते. नाटकाच्या पोथीवरून प्रत्येक नटाची वेगळी गुंडाळी लिहायची. तुला आठवतच असेल, आपण दोघी टेबलाखाली बसून जुन्या गुंडाळ्यांशी खेळायचो. गुंडाळीत नटाची स्वतःची वाक्यं, आणि त्याआधी दुसऱ्याच्या बोलण्याचे शेवटचे तीन-चार शब्द, खुणेपुरते. ते शब्द कानावर पडले की बोलायचं. बाकीचं नाटक काय आहे हे निम्म्या नटांना खेळाच्या दिवशीच कळतं. मंडळींना अजून वाटतं की अक्षर बाबांचंच आहे. बाबांनीच हात धरून शिकवलेलं, त्यामुळे फरक दिसत नाही.

या वेळची पोथी नाटककार जर्व्हस क्रोलची आहे. एका व्यापाऱ्याची मुलगी कापड रंगवणाऱ्या काळ्या रंगाऱ्याबरोबर पळून जाते. त्या रंगाऱ्याचे हात कोपरापर्यंत निळे आहेत. तो सेंट ओलाव्ह चर्चच्या मागे राहतो, तीन हंड्यांच्या पाटीखाली. ताई, तुझ्या दारावर तीच पाटी आहे, आणि तुझ्या पेरोचे हात तसेच निळे.

शेवटी बाप मुलीला शोधून काढतो आणि भर चौकात मारतो. अब्रू धुऊन निघते. रंगाऱ्याला फाशी होते.

उपवासाचे दिवस सुरू व्हायच्या आधीची शेवटची चैन म्हणून श्रोव्ह मंगळवारी कारागिरांच्या हाताखालच्या उमेदवार पोरांना सुटी असते. दुपारी नाटक, पोटात बिअर, आणि संध्याकाळपर्यंत ती कुणाचं तरी घर फोडतात. दरवर्षी फोडतात. या वेळी त्यांना घर शोधावं लागणार नाही.

क्रोलला हे कुणी सांगितलं, मला माहीत नाही. गल्लीत लोक बोलतातच.

टॅमसिन

रविवार, ७ फेब्रुवारी

प्रिय ताई,

जोन परत आली. मी विचारलं, "वाचलं का तिनं?"

"वाचलं. मग चुलीत घातलं."

"काही म्हणाली?"

"म्हणाली, मी माझं घर सोडून का जाऊ? चार वर्षांपूर्वी एकदा सोडलं तेवढं पुरे." मग जोननं टोपली खाली ठेवली आणि मला नीट पाहून म्हणाली, "तुझी बहीण आहे होय ती! नाक तेच. पोरगं मात्र काय गोड आहे गं, अक्रोडाच्या रंगाचं. माझा ईल बघून खदाखदा हसलं."

मी जोनला कधी सांगितलं नव्हतं की तू माझी बहीण आहेस. विचारलं असतं तर सांगितलं असतं. माझी खोड तुला ठाऊक आहे.

त्याच खोडीबद्दल मी चार वर्षं तुला लिहीन म्हणत होते. त्या दिवशी बाबांनी मला विचारलं, "ॲव्हिस धक्क्यावर कुणाला भेटते?" मी खोटं बोलू शकले असते. मी नाव सांगितलं. बाबांनी विचारलं नव्हतं, तरी मी त्याचा रंगही सांगितला. तू दारातून गेलीस तेव्हा माझ्याकडे पाहिलं नाहीस, म्हणजे तुला ठाऊक होतं.

काल बाबांनी शेवटचा प्रवेश वाचून घेतला. एकदा नाही, तीनदा. नटांना हवं असेल तसं ठासून वाच म्हणाले. मुलगी गुडघ्यावर असते. तिच्या बोलण्याचा शेवट असा आहे: "मारा, बाबा, पण मला त्याच निळ्या हातांनी पुरा." त्यावर बाप खंजीर काढून म्हणतो, "हा घे, माझी अब्रू परत दे," आणि मारतो.

तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर बाबांनी कागदावर हात ठेवला. मग म्हणाले, "बरोबर केलं त्यानं."

मी शाई ढवळत राहिले.

"मला तेवढी हिंमत झाली नाही," ते म्हणाले. थोड्या वेळानं विचारलं, "टॅमसिन, नीळ कधीच जात नाही का हातावरून? तू पाहिलेस त्याचे हात?"

"पाहिलेत. नखांत राहते."

तुझं नाव त्यांनी घेतलं नाही. चार वर्षांत एकदाही घेतलेलं नाही. ही गोष्ट तुमच्यावरूनच रचली आहे ते त्यांना कळलं की नाही, मी सांगू शकत नाही. विचारायची मला भीती वाटते.

ताई, डेप्टफर्डला जा.

टॅमसिन

गुरुवार, ११ फेब्रुवारी

प्रिय ताई,

जोन म्हणते पेरोनं दाराला नवी कडी बसवली आणि तुम्ही तिथेच आहात. म्हणजे तुला वाटतं कडी पुरेल.

मी पहिल्या पत्रात एक खोटं लिहिलं होतं. क्रोलला कुणी सांगितलं, मला माहीत आहे. मीच सांगितलं.

नोव्हेंबरात, मार्टिनमसच्या सुमारास, तो पानं घेऊन आला. बाबा झोपले होते. तो चुलीपाशी बसला आणि मला विचारायला लागला की या ओळीत हा शब्द बरा की तो. ताई, आजवर कुणीही मला असं विचारलेलं नव्हतं. मी जे लिहिते ते लोक बाबांचं म्हणून घेऊन जातात. मी सांगितलं, हा शब्द बरा. त्यानं खरंच तो ठेवला. मग सहज म्हणाला, "तुला एक बहीण होती ना?" आणि मी सगळं सांगितलं. पाटी, हंडे, नखांतली नीळ, तू जाताना अंगावर घातलेला तो तपकिरी झगासुद्धा. मला वाटलं ही दुःखाची गोष्ट आहे आणि तो दुःख समजणारा माणूस आहे.

काल तो आला तेव्हा मी त्याला म्हणाले, "मास्टर क्रोल, पेरोनं तिला कुठलंही औषध पाजलं नव्हतं. नाटकात तुम्ही पाजलंय."

"मग पोरगी गेली कशी?"

"चालत गेली. तिला जायचं होतं."

तो हसला. "अगं, तसं दाखवलं तर लोक खुर्च्या फेकतील! गोरी पोरगी आपणहून काळ्याच्या घरात जाते हे पटायला जादूटोणा लागतो, पोरी."

"आणि तिला मारायलाच हवं?"

"बघ, बाई मेली की सगळे रडतात. काळा मेला की सगळे जेवायला जातात. खेळ संपवायला दोन्ही लागतात."

"तो बाप्तिस्मा घेतलेला माणूस आहे. दर रविवारी चर्चला जातो."

"लोकांना काजळी दिसते. चर्च दिसत नाही." मग टोपी घालता घालता म्हणाला, "आणि एवढं मनाला लावून घेऊ नकोस. तिचं नाव कुठे घातलंय मी?"

नाव घालायची गरजच ठेवली नाही त्यानं.

म्हणून मी आता जे करते आहे ते तुला सांगायला हवं. नाटक एकदा विकलं की लेखकाला त्यात तोंड घालता येत नाही, आणि नटाकडे स्वतःच्या गुंडाळीशिवाय काही नसतं. रंगाऱ्याची, मुलीची आणि शेजाऱ्याची गुंडाळी अजून माझ्या टेबलावर आहे. मी त्यातून सेंट ओलाव्ह काढलं. तीन हंडे काढले. रंगाऱ्याला मी चामड्याचा व्यापारी केलं आणि गाव लंडनऐवजी लिस्बन. निळे हात काढणं सर्वांत अवघड, कारण शब्द काढला की ओळ लंगडते आणि ओळ लंगडली की नट अडखळतो. मी पूर्ण ओळी नव्यानं लिहिते आहे. मुलीची शेवटची ओळ आता अशी झाली: "मारा, बाबा, पण मला त्याच्याच अंगणात ठेवा."

अडचण एकच आहे. बापाची भूमिका बार्नबी रुक करतो. सगळ्यांत लांब भूमिका म्हणून त्याची गुंडाळी मी पंधरा दिवसांपूर्वीच देऊन बसले, जुन्या शब्दांची. त्याच्या गुंडाळीत तीन ठिकाणी निळे हात खुणेचे शब्द म्हणून आलेत. मुलगी नवी ओळ बोलेल आणि रुक जुन्या शब्दांची वाट पाहत उभा राहील. ती गुंडाळी मला परत मिळवली पाहिजे.

परवाना मिळालेल्या नाटकात शब्द बदलणं गुन्हा आहे. मला ते ठाऊक आहे.

टॅमसिन

सोमवार, १५ फेब्रुवारी, दुपार

प्रिय ताई,

आज सकाळी मास्टर हॉब्डे आले. मंडळींची पोथी तेच सांभाळतात. कोण कधी आत जायचं, कुणाच्या हातात काय द्यायचं, सगळं त्यांच्या ताब्यात. बाबा आतल्या खोलीत होते. हॉब्डेंनी दार लोटून घेतलं आणि मुलीची गुंडाळी टेबलावर उलगडली.

"काल पोराकडून पाठांतर घेत होतो. तो लिस्बन लिस्बन करतोय. माझ्या पोथीत लंडन आहे. तुझ्या बापाचे डोळे गेले की अक्कल?"

मी म्हणाले, "बाबांनी नाही. मी बदललं."

"तू?" त्यांनी गुंडाळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा गुंडाळीकडे. "हे अक्षर तुझं आहे?"

"गेल्या हिवाळ्यापासूनचं सगळं."

"देवा रे. म्हणजे आमचा तो राजा, तो सरदार, ते सगळे एका पोरीनं लिहिलेलं बोलतात?" ते बसले. "का बदललंस?"

त्यांनी विचारलं, म्हणून मी सांगितलं. ती माणसं खरी आहेत, इथून हाकेच्या अंतरावर राहतात, उद्या सुटीची पोरं नाटक बघून थेट तिथे जातील. ती माझी बहीण आहे हेही सांगितलं.

हॉब्डे हळूच म्हणाले, "जिवंत माणसं? पाटीसकट? आणि त्या क्रोलनं मला सांगितलं की इटालियन कथेवरून घेतलंय! दुसऱ्या एका मंडळीचे चार जण असल्याच एका खेळापायी आत बसलेत. तो हरामखोर आम्हाला तुरुंगात घालणार होता." त्यांनी खिशातून शिशाची कांडी काढली आणि मुलीच्या गुंडाळीवरून स्वतःच्या पोथीत एकेक दुरुस्ती उतरवून घेतली. मी दिवा धरला. उतरवून झाल्यावर म्हणाले, "हे बघ पोरी, पाटी काढलीस, उपकार झाले. पण शेवटाला हात लावायचा नाही. बापानं मुलीला मारलंच पाहिजे. लोक त्याच्यासाठी पेनी देतात."

"असल्या खेळात बाप खंजीर काढतो, तेव्हा तुम्हाला कसं वाटतं?" मी विचारलं. का विचारलं कुणास ठाऊक.

"मला? मी तेव्हा रक्ताची पिशवी पोराच्या काखेत नीट आहे ना ते बघत असतो."

जाताना त्यांनी रुकची गुंडाळी माझ्यासमोर टाकली. "याच्यातल्या खुणा जुळव. रुकला सगळं घोकून पाठ आहे, पण बदललेलं दाखवलं की तो संध्याकाळपर्यंत घोकेल."

मी दोन ठिकाणी जुने शब्द खरवडून नवे लिहिले. रुकचा माणूस तासाभरात येऊन घेऊन गेला.

आता सेंट ओलाव्ह नाही, हंडे नाहीत, निळे हात नाहीत. तुझ्या दाराकडे कुणी बोट दाखवू नये. तरी कडी लाव.

बाबा उद्या नाटकाला यायचं म्हणतात. "दिसत नाही, पण ऐकू येतं," म्हणाले. मी नको म्हटलं. त्यांनी विचारलं, "का?" या एका प्रश्नाला मी उत्तर दिलं नाही.

टॅमसिन

ॲश बुधवार, १७ फेब्रुवारी

प्रिय ताई,

जोन सकाळी सांगून गेली की तुमच्या गल्लीत काल कुणी आलं नाही. तरी काय झालं ते मला तुला सांगायचं आहे. आणि या वेळी कुणी विचारलेलं नाही.

काल अडीच हजार माणसं असतील. खाली उभी राहणारी बहुतेक उमेदवार पोरं, तोंडात पॅनकेक, काखेत सोटे. आम्ही वरच्या सज्जात कोपऱ्यात बसलो. बाबांनी त्यांचा चांगला काळा कोट घातला होता.

काळा व्यापारी आला तेव्हा पोरांनी बदकांसारखा आवाज काढला. नटाच्या तोंडाला काजळी आणि हंसाची चरबी होती. घाम आला की ती मानेवरून ओघळायची आणि पोरं ओरडायची, "अरे धुतला जातोय! धू त्याला!" माझ्या मनात सारखं येत होतं की हा संध्याकाळी तोंड धुऊन घरी जाईल. मुलीचं काम करणारा पोरगा फार छान करत होता. तुझ्यासारखी हनुवटी खाली घालून वर बघायचा. त्याला कुणी शिकवलं? मी क्रोलला हेही सांगितलं असेन.

मग शेवटचा प्रवेश. मुलगी गुडघ्यावर. खाली एकदम शांतता. पोरगा म्हणाला, "मारा, बाबा, पण मला त्याच्याच अंगणात ठेवा."

आणि रुक उभा राहिला.

ताई, तिसरी जागा मी तशीच ठेवली होती. सोमवारी खरवडायचा चाकू माझ्या हातात होता. कागद उलगडलेला होता. "निळ्या हातांनी पुरा" हे शब्द माझ्यासमोर होते आणि मी गुंडाळी बंद केली. विसरले असं मी हॉब्डेंना सांगितलं. ते खोटं आहे. तुझ्या घराच्या रक्षणासाठी केलं असंही मला म्हणता येत नाही, कारण तुझं घर तोवर नाटकातून निघून गेलं होतं. मुलगी मेली की लोक टाळ्या वाजवतात, आणि त्यांत बाबांची टाळी मला ऐकायची नव्हती. एवढंच कारण.

रुक वाट पाहत होता. पोरगा वाट पाहत होता. पोरानं तीच ओळ पुन्हा म्हटली, जरा मोठ्यानं. रुकचा हात खंजिराच्या मुठीवर होता आणि चेहरा दगडासारखा. तीस वर्षं तो खुणेवर बोलत आलाय. खूण आल्याशिवाय त्याचं तोंड उघडत नाही. पडद्यामागून हॉब्डेंची कुजबुज आमच्यापर्यंत ऐकू आली, पण खाली पोरांनी गलका सुरू केला होता, "मार! मार की, म्हाताऱ्या!" आणि त्यात रुकला ती ऐकू गेली नसावी.

तेव्हा बाबांनी माझ्याकडे तोंड वळवलं. त्यांना माझा चेहरा दिसत नाही, तरी वळवलं. नवी ओळ कानावर पडताच त्यांना कळलं असणार. माझ्याशिवाय आणि हॉब्डेंशिवाय त्या नाटकगृहात फक्त त्यांनाच ठाऊक होतं की रुक कशासाठी थांबलाय. सज्जातून ओळ ओरडून सांगणारे लोक असतात, दर खेळाला असतात. बाबांचा आवाज तुला माहीत आहे, नदीपार नावाड्याला हाक मारायचे ते. त्यांनी श्वास घेतला. तोंड उघडलं. मी त्यांचा कोट धरला होता.

त्यांनी तोंड मिटलं.

किती वेळ गेला सांगता येत नाही. मग खालून एक पोरगं ओरडलं, "झोपला रे बाप! पोरी, पळ!" आणि सगळे हसले. एकदा हसले की संपतं. मुलीच्या वेशातला पोरगा चटकन उठला, झगा उचलला आणि डाव्या दारानं खरोखर पळाला. हशा दुप्पट झाला. रुक खंजीर धरून तसाच उभा. हॉब्डेंनी वादकांना इशारा केला आणि शेवटचा नाच सुरू झाला.

लोक खूश होऊन गेले असं हॉब्डेही म्हणतात. पण तुला अर्धंच सांगून चालणार नाही. त्या पोरांना सुटी होती आणि सोटे होते. त्यांनी नदीकाठचं एक बदनाम घर फोडलं. खिडक्या, दार, बिछाने. एका बाईचा हात मोडला म्हणतात. तिचं नाव कुणी सांगत नाही आणि मी दोघातिघांना विचारलं. तुझं दार वाचलं याचा आनंद करायला बसले की ती बाई मधे येते.

संध्याकाळी हॉब्डे आणि रुक घरी आले. रुकनं गुंडाळी टेबलावर आपटली. "तीस वर्षांत असं कधी झालं नाही! अडीच हजार माणसांसमोर मला म्हातारा म्हणाली ती कार्टी! कुणी लिहिलंय हे?"

हॉब्डेंनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, "मी."

"तुम्हाला दिसत नाही, पार्जेटर."

"म्हणूनच चुकलो. इतके दिवस लपवलं. माझी चूक आहे."

"बाबा," मी म्हणाले.

"तू पाणी आण."

मी पाणी आणलं. हॉब्डेंना सगळं ठाऊक होतं. त्यांनी फक्त टोपी फिरवली हातात. रुक जाताना म्हणाला की आता मंडळींचं एक पानही या घरात येणार नाही, आणि बँकसाइडवर सगळ्यांना सांगेन, पार्जेटर संपला. बाबांचं नाव म्हणजे काय होतं तुला ठाऊक आहे. त्यांच्या नकलेत चूक नसते हे दुसऱ्या मंडळ्याही म्हणायच्या. त्या नावासाठी त्यांनी तुला दारातून जाऊ दिलं होतं.

ते गेल्यावर मी म्हणाले, "मी उद्या जाऊन सांगते. ते अक्षर माझं आहे."

"नाही सांगायचं."

"पण तुमचं नाव..."

"माझंच आहे ना? मग ते कुठे घालवायचं ते मला ठरवू दे."

आज सकाळी ते चर्चमधून आले आणि चुलीपाशी बसले. मी टेबलावर कागद सरळ करत होते. कागदाचा आवाज त्यांना ऐकू आला असावा.

"ॲव्हिसला लिहितेस?"

चार वर्षांनी त्यांनी तुझं नाव घेतलं, ताई. एवढ्या साध्या आवाजात घेतलं की मला वाटलं माझी ऐकण्यात चूक झाली.

"हो."

"कधीपासून?"

"तीन तारखेपासून."

"उत्तर येतं?"

"नाही."

त्यांनी मान हलवली. मग चाचपून चुलीत एक लाकूड सारलं. शेवटी म्हणाले, "तिला लिही, मला ते शब्द पाठ होते. बाकी काही लिहू नकोस."

बाकी काही लिहीत नाही.

टॅमसिन